बघायचं घर

प्लास्टिकच्या सफरचंदांवरची धूळ ती ओल्या फडक्यानं पुसत होती. सफरचंदं लवकर उरकायची. द्राक्षांना वेळ लागे, एकेक मणी चिमटीत धरून पुसावा लागायचा. अर्धा घड झाला तेवढ्यात कमरेला खोचलेला फोन वाजला.

"अगं, आलेत ते," नवरा दबक्या आवाजात म्हणाला. "गेटवर उभे आहेत."

"आत्ता? संध्याकाळच्या गाडीनं येणार होते ना भाऊजी?"

"सकाळची मिळाली म्हणे. आईला घेऊन आलाय. सामान पण आहे."

"सामान म्हणजे?"

"ट्रंक आहे. ती गेटपाशीच ठेवून घेतो. यांना वर आणतो."

"वर कुठं? अहो, ऐका माझं..."

पण फोन बंद झाला होता.

ती फडकं हातात घेऊन तशीच उभी राहिली. वर म्हणजे इथंच. दुसऱ्या मजल्यावरचं हे घर कंपनीनं गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी सजवून ठेवलं होतं. कामावरचे सगळे त्याला 'बघायचं घर' म्हणत. सोफा खरा होता, पडदे खरे होते. टीव्ही मात्र पुठ्ठ्याचा, फ्रिज म्हणजे आतून रिकामी पेटी, आणि नळ नुसते भिंतीला लावलेले, मागे पाइप नाही. पलंग नेहमीच्या पलंगापेक्षा वीतभर आखूड, म्हणजे खोली मोठी दिसावी. त्याच कारणानं खोल्यांना दारंही लावली नव्हती. ते घर रोज पुसायचं काम तिचं. नवरा खाली गेटवर राखणीला. ती दोघं राहत होती इमारतीच्या मागे, सिमेंटचं कोठार आणि पाण्याची टाकी यांच्या मधल्या पत्र्याच्या खोलीत.

आणि ती खोली महिनाअखेर पाडणार होते. तिथं बाग व्हायची होती. इमारत पूर्ण झाली, आता गेटवर एजन्सीची तरुण पोरं येतील, असं मुकादमानं सांगितलं होतं, तेही चांगल्या शब्दांत. शहरात एका खोलीचं भाडं विचारून आला त्या दिवशी नवरा हसत सुटला होता. माणूस रडायच्या ऐवजी हसतो, तसा.

आता एकच दार उरलं होतं, गावाकडच्या घराचं. दोन खोल्या, पुढे अंगण, मागे विहीर. तिथं धाकटा दीर, त्याची बायको, मुलगा आणि सासूबाई. अंगणाच्या कोपऱ्यात धाकट्याची पिठाची गिरणी. 'मागची खोली आम्हाला दे, आम्ही येतो,' एवढंच नवऱ्यानं भावाला विचारायचं होतं. गेले कित्येक दिवस तो फोन हातात घेई आणि पाऊसपाण्याचं बोलून ठेवून देई. आम्ही येतोय, असं धाकट्यानंच कळवलं तेव्हा तिनं नवऱ्याला बजावलं होतं, "आता समोरासमोर विचारा. काय लाजायचंय, भाऊच आहे आपला." आज पहाटे हात जोडून उभी राहिली तेव्हाही तिनं दुसरं काही मागितलं नव्हतं. देवा, आज यांच्या तोंडून शब्द फुटू दे.

पण त्याआधी खरं घर दाखवायचं होतं. आणि नवरा त्यांना इथं घेऊन येत होता.

चूक तशी गमतीतून झाली होती. दोन वर्षांपूर्वी, कामाला लागल्यावर नवऱ्यानं तिला या सोफ्यावर बसवून फोटो काढला होता. फडकं पदराआड लपवलेलं, मागे पडदे, बाजूला हा फळांचा वाडगा. तो धाकट्याला पाठवला. त्याचं उत्तर आलं, 'वहिनी, राणी दिसताय. कंपनीनं घर भारी दिलं की!' दोघं पोट धरून हसली. उद्या सांगू, म्हणाली. दुसऱ्या दिवशी जावेचा फोन आला, "काय जाऊबाई, आता आम्हाला ओळख द्याल ना?" तिचा हेवा आजवर कुणी केला नव्हता. तिला तो टोमणा दिवसभर गोड लागला. मग एकदा स्वयंपाकघराचा फोटो गेला. एकदा खिडकीचा. खोटं असं ती एकदाही बोलली नव्हती. फक्त खरं सांगायचं राहत गेलं.

जिन्यात पावलं वाजली.

"अगं बाई, किती ह्या पायऱ्या," सासूबाईंचा आवाज आला. "लिफ्ट का काय म्हणतात ती नाही का रे?"

"आहे आई, आज बंद असते. सुट्टी आहे ना."

दारातच नवऱ्यानं दोघांना निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या पायांत चढवायला लावल्या. सासूबाईंनी भिंतीला धरून एकेक पाय वर केला आणि पायांकडे बघितलं.

"हे कशाला?"

"फरशी मळू नये म्हणून."

"मग चालायचं तरी कशाला तिच्यावर?"

धाकटा मोठ्यानं हसला. "वहिनी, ओळखलंत का गरिबाला?"

"या भाऊजी," ती म्हणाली. तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो पडद्याकडे बघत होता. त्याच्या कपाळावर घाम होता आणि राखणीची टोपी त्यानं पाठीमागे धरली होती.

धाकटा सोफ्यावर अलगद बसला, आधी हातानं चाचपून. तिला त्याच्यात काहीतरी वेगळं वाटलं. काय ते थोड्या वेळानं लक्षात आलं. त्याच्या भुवया काळ्याभोर होत्या. लग्न होऊन ती घरात आली तेव्हापासून त्याच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर पिठाचा पांढरा थर असायचाच. लग्नकार्यातसुद्धा तो पुरता जायचा नाही, आणि जाऊ म्हणायची, माझा नवरा वयाआधी म्हातारा झाला. प्रवासाला निघताना चांगलं न्हाऊन आलेले दिसतात, असं तिच्या मनात आलं.

"जाऊबाई नाही आल्या?"

"ती माहेरी आहे. तिच्या आईचं जरा... पोरालाही तिकडच्याच शाळेत घातलंय. शाळा बरी आहे तिकडची."

"आणि गिरणी?"

"चाललीय," धाकटा म्हणाला आणि छताकडे मान वर केली. "दादा, छताला हे दिवे किती? बिल केवढं येत असेल?"

"कंपनी भरते," नवरा म्हणाला. ते खरंच होतं.

"बघ. तुमचं बरं आहे. महिना संपला की पगार हातात. कुणाचं दळण येतंय का याची वाट बघायची नाही. तुझ्या एका पगारात आमचं तिकडे तीन महिने घर चालेल."

"तुमचं बरं आहे की," नवरा म्हणाला. "पाणी विहिरीचं, भाजी परसातली, डोक्यावर छप्पर आपलं. इथं पाण्याचा घोटसुद्धा विकत. पगार येतो तो नुसता हाताला चाटून जातो."

"छपराचं काय घेऊन बसलास," धाकटा म्हणाला.

मागच्या वर्षी सरकारी पाहणीवाल्या बाई पत्र्याच्या खोलीत आल्या होत्या. घरात महिन्याला किती येतात, असं त्यांनी विचारलं. नवऱ्यानं छाती काढून सगळा पगार सांगितला, जादा पाळीचे पैसे धरून. बाईंनी आकडा लिहिला, मग मान वर करून खोलीभर बघितलं, पुन्हा आकड्याकडे बघितलं. एवढी मिळकत असलेल्याला सवलत बसत नाही, असं म्हणताना त्या स्वतःच ओशाळल्या होत्या. तोच आकडा गावात सांगितला असता तर लोकांनी त्यांना सावकारांत धरलं असतं. इथं तो पत्र्याखाली कसाबसा मावत होता.

सासूबाई तोवर आतल्या खोल्यांतून फिरून आल्या होत्या.

"दारं कुठायत रे खोल्यांना?"

"नवी पद्धत आहे आई."

"बरी पद्धत आहे. लाज सोडून राहायचं म्हणजे." त्या खुर्चीत टेकल्या. वाडग्यातलं एक सफरचंद उचलून त्यांनी अंगठ्यानं दाबून बघितलं, आणि परत होतं तसं ठेवलं, देठ वर करून. "पाणी दे गं जरा."

ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथल्या कोरड्या नळासमोर क्षणभर उभी राहिली. मग मागच्या जिन्यानं खाली धावली, खोलीतल्या माठातून तांब्या भरून पुन्हा वर. दम लपवायला तिनं ओठ घट्ट मिटून घेतले होते. नवऱ्यानं आता तरी बोलायला सुरुवात केली असेल, अशी तिला आशा होती.

केली होती, पण वेगळीच.

"म्हणजे मी काय म्हणतो," नवरा म्हणत होता, "माणसानं शेवटी गावाकडेच..."

"छे! वेडा का काय तू?" धाकट्यानं त्याला पुरतं बोलू दिलं नाही. "तिकडे आता काय राहिलंय? जो तो इकडे यायला बघतोय. ऐक दादा, मी कशाला आलोय ते सांगतो. आई राहू दे थोडे दिवस तुझ्याकडे. मला कामासाठी बाहेर जावं लागणार आहे, ती एकटी पडेल."

"थोडे दिवस म्हणजे किती?" तिच्या तोंडून निघून गेलं.

धाकट्यानं तिच्याकडे बघितलं. "वहिनी, जड होईल का?"

"तसं नाही हो."

"एवढ्या मोठ्या घरात एक म्हातारी. कोपऱ्यात पडून राहील." तो हसला, पण त्याचा हात सोफ्याच्या शिवणीवरून मागे-पुढे, मागे-पुढे फिरत राहिला.

पत्र्याच्या खोलीत तिसरं माणूस ठेवायचं नाही, असं मुकादमानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आणि महिनाअखेर तर ती खोलीच नव्हती. आता सांगायलाच हवं होतं. तिनं नवऱ्याला डोळ्यांनी खुणावलं. त्यानं मान हलवली, घसा साफ केला, टोपी या हातातून त्या हातात घेतली.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. "मोरी कुठंय गं? प्रवासात कुठं सोय नव्हती."

"ती काय आई, तिथंच," धाकटा न्हाणीघराकडे बोट करून म्हणाला. त्या निघाल्यासुद्धा.

"आई, तिकडे नको!" ती जवळजवळ ओरडलीच. मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "ते... त्याचं काम निघालंय. खाली चला माझ्याबरोबर. खाली चांगली सोय आहे."

जिना उतरताना म्हातारीनं तिचा दंड धरला होता. कोठाराला वळसा घालून दोघी मागे आल्या. कामगारांसाठी बांधलेल्या संडासाशी ती बादली घेऊन उभी राहिली. सासूबाई बाहेर आल्यावर तिनं त्यांच्या हातांवर पाणी घातलं. आता त्यांना परत वर न्यायचं की नाही, हे तिला ठरवता येईना. त्या वेळात सासूबाई पत्र्याच्या खोलीच्या उघड्या दारातून आत बघत होत्या. दोरीवर तिची निळी साडी वाळत होती, फोटो काढताना नेसलेली.

"हे कुणाचं?"

तिनं बादली खाली ठेवली.

सासूबाई वाकून आत गेल्या. खाटेवर बसल्या. माठाकडे, गॅसकडे, भिंतीला टेकवलेल्या चटईकडे, खिळ्याअभावी पत्र्याच्या कडेला अडकवलेल्या आरशाकडे त्यांनी सावकाश बघितलं.

"वर स्वयंपाकघरात वास नव्हता कसलाच," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, शहरात असेल तसंच."

"आई, आम्ही सांगणार होतो. आजच सांगणार होतो." ती खाटेपाशी खाली बसली आणि एकदा बोलायला लागल्यावर तिला थांबता आलं नाही. बघायचं घर, फोटो, मुकादम, महिनाअखेर, बाग, शहरातली भाडी. "आम्हाला घरी यायचंय. मागची खोली द्या फक्त. मी दळण करीन, गिरणीत बसेन, जाऊबाई सांगतील ते करीन. तुमच्या लेकाला विचारवत नाहीये. तुम्ही भाऊजींना एक शब्द सांगा."

म्हातारी ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, राग नव्हता. नुसती हळूहळू ती लहान होत चालल्यासारखी दिसत होती. शेवटी म्हातारी म्हणाली, "माझी ट्रंक आण गं. थंडी वाजतेय. वरतीच शाल आहे."

ऊन चांगलं तापलं होतं. तरी ती गेटपाशी गेली आणि ट्रंक डोक्यावर घेऊन आली. ट्रंक भलतीच जड होती. कडी काढून तिनं झाकण उघडलं. शाल वरतीच होती. ती उचलली तर खाली सासऱ्यांचा फोटो, काचेसकट, दोन लुगड्यांच्या मध्ये नीट ठेवलेला. पुढच्या खोलीत, दारातून आत येताच समोर दिसायचा तो. फोटोच्या बाजूला कागदाची पुडी होती. तिनं ती उलगडली. आत एक लांब, जुना, टोकाला चुन्याचे कण चिकटलेला खिळा होता. पुडीखाली दाराची कडी होती, साखळी आणि कोयंडा दोन्ही. त्याखाली विहिरीचा दोर, गुंडाळी करून.

थोड्या दिवसांसाठी येणारं माणूस फोटो आणील एक वेळ. भिंतीतला खिळा उपटून कोण आणतं?

तिनं मान वर केली. सासूबाई तिच्याकडेच बघत होत्या.

"चांगला खिळा होता," त्या म्हणाल्या. "कशाला सोडायचा."

बाहेर टाकीत पाणी पडत असल्याचा आवाज येत होता.

"कधी?" तिनं विचारलं.

"झाला महिना. भिंती पाडायला घेतल्या त्यांनी, तिथं गोदाम होणार आहे." म्हातारीनं शाल अंगावर घेतली. "गिरणी बसली गं. लोक आता पिशवीतलं पीठ आणतात. त्यानं नवं यंत्र आणलं, रंगीत पाट्या लावल्या. कोण येतंय? दिवसभर पट्टा पुसत बसायचा. एकदा तिन्हीसांजेला मी मागे गेले तर विहिरीच्या काठावर बसलेला. पाय आत सोडून. मी हाक मारली, ओ दिली नाही. दुसऱ्यांदा मारली तेव्हा उठला." ती थांबली. "घर माझ्या नावावर होतं. मी म्हटलं, वीक."

"आमचा..." ती बोलली आणि थांबली.

"तो म्हणत होता की. दादाला विचारू, त्याचाही वाटा आहे. मीच नको म्हटलं." म्हातारीचा आवाज इतका हळू झाला की तिला पुढे सरकावं लागलं. "म्हटलं, त्याला काय विचारायचं. त्याला देवानं सगळं दिलंय. फोटो बघितलेत की मी. तुझा सोफ्यावरचा फोटो तर सगळ्या गल्लीला दाखवलाय. त्या पडक्या घराचं त्याला काय, असं म्हणून मी अंगठा दिला."

पुडीचा कागद तिच्या हातात होता. तिनं खिळा परत त्यात ठेवला, कागदाची एकेक घडी पूर्वीच्याच रेघेवर बसवली, आणि पुडी फोटोच्या बाजूला होती तिथं ठेवली. मग दोर. मग कडी. ट्रंकेचं झाकण लावताना तिचे हात इतके सावकाश चालत होते, जणू आत कुणी झोपलं होतं.

"भाऊजी आता राहतात कुठं?"

"बायको-पोराला सासुरवाडीला ठेवलंय. तो कुठंतरी विटांच्या कामावर जाणार आहे. मला कुठं घेऊन जाणार तिथं?" म्हातारीनं तिचा हात धरला. हात थंडगार होता. "बाई, त्याला हे कळलं, तुमचं हे असं आहे, नि मी तुमचंही घर... तर तो..."

विहिरीचा काठ दोघींनाही दिसत होता.

म्हातारीला तिथंच सोडून ती जिना चढू लागली. मधल्या वळणावर ती कठड्याला धरून थांबली, डोळे मिटले, ओठ हलले. पहाटे जे मागितलं होतं तेच आता होऊ नये म्हणून ती विनवत होती.

पण वर शब्द फुटला होता.

"...दादा म्हणून नाही रे," नवरा सोफ्याच्या अगदी कडेवर बसून बोलत होता. टोपी गुडघ्यावर. बऱ्याच दिवसांचं साठलेलं एकदम सुटावं तसं तो बोलत होता. "पण तू नाही म्हणू नकोस. मागची खोली मोकळीच असते. आम्हाला दोघांना कितीशी जागा लागते? मी गिरणीवर बसेन तुझ्या..."

धाकटा हलत नव्हता. त्याचा चेहरा चुना फासल्यासारखा झाला होता.

"काय हो तुमचं पण!" ती दारातूनच म्हणाली, आणि हसली. आपल्याला असं हसता येतं हे तिला माहीत नव्हतं. "भाऊजींना कशाला घाबरवताय? भाऊजी, लक्ष देऊ नका यांच्याकडे. जरा साहेब बोलले की यांना गाव आठवतं. मागच्या दिवाणखान्यात... आपलं, मागच्या खोलीत चूल मांडायची, भाज्या लावायच्या. महिनाभर मी हेच ऐकतेय. कंपनी सोडतेय होय यांना!"

"खरंच, दादा?" धाकट्यानं विचारलं.

नवरा तिच्याकडे बघत राहिला. तिनं नजर हलवली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं त्याला चारचौघांत कधी तोडलं नव्हतं. त्याला कारण कळलं नाही, पण एवढं कळलं की आता गप्प बसायचं आहे.

"हो... म्हणजे, आपला एक विचार," तो म्हणाला आणि टोपी डोक्यावर घातली.

"आई राहू देत आमच्याकडे," ती म्हणाली. "थोडे दिवस कशाला, राहू देत हवे तितके. जागेला काय तोटा आहे?"

धाकट्याच्या छातीतून श्वास बाहेर पडला तो तिला ऐकू आला. तो उठला. "हातपाय धुतो आणि निघतो," म्हणत न्हाणीघरात शिरला. तिला त्याला अडवायचं सुचलंच नाही. सुचलं तेव्हा उशीर झाला होता. आत नळाची तोटी फिरल्याचा आवाज झाला. मग काहीच आवाज नाही. मग तोटी पुन्हा उलटी फिरल्याचा आवाज.

तो बाहेर आला. खिशातून रुमाल काढून त्यानं कोरडेच हात पुसले. बोटांच्या बेचक्यांतून, नीट, सावकाश पुसले, आणि रुमाल घडी करून ठेवला.

"आईची खोली कुठली, वहिनी?"

तिनं दार नसलेल्या छोट्या खोलीकडे हात केला. तो उंबरठ्याजागी उभा राहिला. आखूड पलंगाच्या गादीवर त्यानं एकदा तळवा दाबला.

"छान आहे," तो म्हणाला. "उजेड आहे."

नवऱ्याचा फोन वाजला. साहेब गिऱ्हाईक घेऊन निघाले होते. नवरा घाईघाईनं जिना उतरला. तिनं सोफ्यावरच्या उशा उभ्या केल्या, शिवण सारखी केली, फरशीवरचे निळ्या पिशव्यांचे ठसे पदरानं पुसले. धाकटा न सांगता वाकला आणि खुर्ची जागेवर सरकवायला तिला मदत करू लागला. दोघं एकमेकांकडे न बघता काम करत होती.

खाली सासूबाई गेटजवळच्या दगडावर येऊन बसल्या होत्या. धाकटा त्यांच्यापुढे उकिडवा बसला.

"येतो आई."

"ये. जपून राहा. इथं सगळं आहे."

"हो. बघितलं मी."

गाडी आत येत होती. नवऱ्यानं गेट उघडून सलाम ठोकला. गाडीच्या मागून, भिंतीला घासून धाकटा बाहेर पडला आणि रस्त्याच्या गर्दीत मिसळला.

संध्याकाळी पत्र्याच्या खोलीत तिघं होती. मुकादमानं एका दिवसापुरतं डोळ्यांआड केलं होतं. उद्याचं उद्या, म्हणाला होता. सासूबाई खाटेवर, पत्र्याकडे तोंड करून पडल्या होत्या. नवऱ्यानं टोपी काढून ठेवली. ती मधेच का बोलली, हे तिला विचारायची तो वाट बघत होता, आणि आईसमोर विचारवत नव्हतं. शेवटी त्यानं ते सोडून दिलं.

"घेतायत का हो ते गिऱ्हाईक?" तिनं विचारलं.

"विचार करून सांगतो म्हणाले. बाईंना स्वयंपाकघर आवडलं." तो भिंतीला टेकून बसला. "धाकटा दमलेला होता आज. म्हणून काही बोलला नाही. तू म्हणालीस तेही बरोबर असेल, एकदम अंगावर घालायला नको होतं. उद्या फोन करतो मी त्याला. शांतपणे सांगतो. नाही म्हणणार नाही तो."

ती गॅसवरचं भांडं उतरवत होती.

"आता तर जमायलाच लागलंय मला," तो म्हणाला. त्याच्या आवाजात कित्येक आठवड्यांनी हुरूप होता. त्यानं जमिनीवर बोटानं रेघ ओढली, मग तिला काटकोनात दुसरी. "हे बघ. ही मागची खोली. इथं पत्रा पुढे काढला की चूल बाहेर जाते. आई आत झोपेल, आपण इथं. विहिरीकडच्या बाजूला चार वेल लावायचे. भाडं नाही, पाण्याचं बिल नाही. आधी का नाही सुचलं आपल्याला? उद्या करू ना फोन?"

"करा," ती म्हणाली. "उद्या करा. आधी जेवून घ्या."

तिनं ताट त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं पहिला घास घेतला, आणि चावता चावताच खाटेकडे वळून म्हणाला, "आई, मागच्या खोलीत सकाळचा उजेड येतो ना गं अजून? का शेजाऱ्यांनी भिंत वाढवली?"

तिचा वाढणारा हात भांड्यावरच थांबला.

"येतो," म्हातारी पत्र्याकडेच तोंड करून म्हणाली. "चांगला येतो."